मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: नक्की किती किलोमीटर आणि नक्की किती तास?

तिकीटघर

मंडळी, डोक्याचा पार भुगा झालाय. सत्तरीच्या जोडप्याचं मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को तिकीट काढायचं आहे. म्हटलं आधी अंतर आणि वेळ नीट समजून घ्यावा, तर तीन ठिकाणी तीन आकडे.

अंतर सांगणारं एक संकेतस्थळ म्हणतं १३,५०० किमी, विमानाला सव्वासतरा तास. थेट विमानाच्या वेळापत्रकात जाताना १५ तास ४५ मिनिटं आणि येताना १७ तास. विमानाचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर त्याच फेरीचं उडालेलं अंतर १५,००० किमीच्या घरात.

अंतर जास्त आणि वेळ कमी, हे कसं काय? येताना सव्वा तास जास्त का? आणि थेट जावं की मध्ये थांबून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुमडीत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोलाकार

आधी १३,५०० चा उगम बघू. हे महावर्तुळाचं अंतर. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को अशा दोन टाचण्या मारून दोरा ताणला की तो जेवढा भरेल तेवढं. साधं सायंटिफिक कॅल्क्युलेटर असलं तर घरी काढता येतं.

मुंबई विमानतळ: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम.

रेखांशांत एक पूर्व आणि एक पश्चिम आहे, म्हणून बेरीज: १९५.२५. ती १८० च्या वर गेली म्हणजे आपण लांबच्या बाजूने मोजतोय, म्हणून ३६० मधून वजा करा: १६४.७५.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.६१० = ०.१९९६. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, तिघांचा गुणाकार: ०.९४५ × ०.७९२ × (−०.९६५) = −०.७२२. दोन्हींची बेरीज −०.५२२५. याचा उलटा कोसाइन १२१.५ अंश.

एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ७,२९० सागरी मैल. गुणिले १.८५२, झाले साडेतेरा हजार किलोमीटर.

चूक दोनच ठिकाणी होते. कॅल्क्युलेटर रेडियनवर असतो, किंवा त्या −०.९६५ चं वजाचिन्ह गळतं. चिन्ह गळलं की उत्तर अडीच हजार किमी येतं आणि माणूस खूश होतो.

अडाणी_प्रश्न

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान पश्चिमेला निघालं तर सॅन फ्रान्सिस्को आपणहून समोर येईल. पश्चिमेला जाताना कमी वेळ लागायला हवा.

गोलाकार

अडाणीराव, नाव सार्थ करताय, पण प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतोच. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. मुंबईची जमीन ताशी सुमारे १,५८० किमीने पूर्वेला पळतेय, आणि मुंबईची हवा, विमानतळ आणि धावपट्टीवरचं विमानही तेवढ्याच वेगाने. विमान त्या हवेत पोहतं. चालत्या लोकलच्या डब्यात दारापासून खिडकीपर्यंत चालत जायला लोकलचा वेग आड येत नाही, तसंच. फरक पाडतो तो वारा, म्हणजे हवा जमिनीच्या तुलनेत किती सरकतेय ते.

वाराबघ्या

विमानाच्या वाटा आखण्याचं काम जवळून माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते सव्वासतरा तास. अशी बरीच संकेतस्थळं ताशी ५०० मैल म्हणजे ८०५ किमी हा ठरलेला वेग धरतात आणि चढ-उताराची ३० मिनिटं वर टाकतात. १३,५०० भागिले ८०५ म्हणजे पावणेसतरा, अधिक अर्धा तास, झाले सव्वासतरा. मुंबई-नागपूर असो की मुंबई-सॅन फ्रान्सिस्को, सूत्र तेच. लांब पल्ल्याचं विमान इतकं हळू उडत नाही. बोइंग ७७७ साधारण माख ०.८४ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने जातं, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० माख ०.८५ ने. वर उणे ५६ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमीच्या आसपास असतो, म्हणजे विमानाचा हवेतला वेग झाला ताशी ८९० ते ९००.

आता वारा. १० ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान पट्टा असतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात जपानच्या आसपास तो सगळ्यात जोरदार असतो, ताशी ३०० किमीच्याही वर जातो. मुंबईहून पूर्वेला निघून चीन, जपान आणि मग प्रशांत महासागर अशी वाट धरली की हा पट्टा पाठीशी मिळतो.

हिशेब बघा. मुंबई ते तोक्यो सुमारे ६,८००, तिथून सॅन फ्रान्सिस्को ८,२००. एकूण १५,०००. सबंध वाटेत सरासरी १०० किमीचा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग ९०० अधिक १००, म्हणजे १,०००. वेळ १५ तास. उलट ध्रुवाजवळून १३,५०० ची सरळ वाट घेतली आणि वारा शून्य असला तर १३,५०० भागिले ९००, तेही १५ तास. १,५०० किमी जास्त उडूनही वेळ तोच. वारा सरासरी १४० झाला तर लांबची वाट अर्ध्या तासाहून जास्त वाचवते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

नकाशेवाला

वाराबघ्यांना +१. याचं गाजलेलं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने जाणारं विमान अटलांटिकऐवजी प्रशांतवरून वळवलं. १५,३०० किमी, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा १,४०० जास्त, आणि वेळ साडेचौदा तास. त्या वेळी दिलेला हिशेब असा होता: अटलांटिकवर ताशी २४ किमीचा वारा तोंडावर, प्रशांतवर १३८ चा पाठीवर.

पुणेरी_पाटी

सगळे मुंबईहून मोजताय. पुण्याहून निघणाऱ्याने विमानतळापर्यंतचे दीडशे किमी आणि चार तास कोणत्या वाऱ्यात धरायचे?

सुमडीत

ताशी ३७ किमी. माख ०.०३. :)

खिडकीची_सीट

गोलाकार यांच्या दोऱ्याबद्दल एक भर. हा दोरा मुंबईहून जवळजवळ उत्तरेला जातो, उत्तरेपासून पूर्वेला फक्त १४ अंश कललेला. राजस्थान, पंजाब, काश्मीर, काराकोरम, शिनजियांग, सैबेरिया, आणि थेट ७६-७७ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. मग आर्क्टिक समुद्रावरून अलास्का आणि तिथून खाली कॅलिफोर्निया. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही, कारण तो ध्रुवाकडचा भाग रबरासारखा ताणून दाखवतो. मुलांच्या पृथ्वीगोलावर दोरा लावून बघा.

मग विमानं अशीच सरळ का जात नाहीत?

वाराबघ्या

खिडकीताई, त्या दोऱ्याखाली काय काय आहे ते तुम्हीच लिहिलंत. एकेक घेतो.

काराकोरम आणि तिबेट. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला झटपट १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या पिवळ्या मास्कचा प्राणवायू साधारण १२ ते २२ मिनिटंच पुरतो. खाली जमीनच १५,००० फुटांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून या भागावरून जायचं तर जादा प्राणवायू लागतो, आणि कुठल्या बिंदूपासून कुणीकडे वळून सखल भागात निसटायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. पश्चिम चीनमधली एल-८८८ नावाची हवाई वाट यासाठीच प्रसिद्ध आहे. कुठलंही विमान तिथून सहज जाऊ शकत नाही.

दुसरं इंधनाचं तापमान. भारतात भरतात ते जेट ए-१ उणे ४७ अंशाला गोठू लागतं. अमेरिकेत सर्रास मिळतं ते जेट ए, त्याची मर्यादा उणे ४०. टाकीतलं इंधन या मर्यादेपेक्षा किमान ३ अंश गरम राहिलं पाहिजे. म्हणजे ध्रुवाकडून परत येणाऱ्या विमानाला ही काळजी जास्त. तापमान फार खाली गेलं की वैमानिक थोडं खाली उतरतो किंवा वेग वाढवतो. हवेच्या घर्षणाने आणि दाबाने पंख जरा गरम राहतात. इंधन मात्र जास्त जळतं.

तिसरं आणीबाणीचा विमानतळ. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेत सतत आवाक्यात हवा. आणि तो नुसता नकाशावर असून भागत नाही. त्या वेळी तो उघडा हवा, हवामान बरं हवं, दोनशे माणसांना निवारा हवा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगादानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. त्यांना न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं.

चौथं, कोणाच्या आकाशातून जायची परवानगी आहे. हे सगळ्यात बेभरवशाचं.

नकाशेवाला

चौथ्या मुद्द्यासाठी दोन तारखा लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीनंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. अमेरिकेच्या युनायटेडने सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली आणि नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ)-मुंबई या फेऱ्या मार्च २०२२ मध्ये थांबवल्या त्या त्यामुळेच. एअर इंडियाला रशिया खुला राहिला.

दुसरी तारीख २४ एप्रिल २०२५. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं. येताना रशिया, मध्य आशिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान ही सोयीची वाट तुटली. वळसा घालायचा तर पश्चिमेला इराण आणि अरबी समुद्रावरून, नाहीतर चीन आणि म्यानमारवरून पूर्वेकडून. म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्याला इंधनासाठी थांबत होतं. "थेट" लिहिलंय म्हणून मध्ये थांबा नसेलच असं समजू नका. तिकिटावर थांबे किती ते शून्य की एक, हे बघा. विमान क्रमांक तोच राहतो, त्यामुळे घाईत निसटतं.

अडाणी_प्रश्न

पण कोलकात्याला थांबायचं कशाला? टाकीच मोठी करा की.

वाराबघ्या

टाकी मोठीच असते. ७७७-२०० एलआर, म्हणजे ७७७ चाच लांब पल्ल्याचा प्रकार, त्यात १,८१,२८३ लिटर मावतं. अडचण वजनाची. विमान ताशी सुमारे ९,६०० लिटर पितं, म्हणजे १५ तासांना १,४४,००० लिटर, वजनात ११५ टन. या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ३४७ टन. त्यातला तिसरा हिस्सा इंधनच. दोन तासांचा वळसा पडला की आणखी १५ टन चढवायचे. शिवाय जास्तीचं एक टन चढवलंत तर मुक्कामाला पोचेपर्यंत त्यातला सुमारे तिसरा हिस्सा ते टन वाहण्यातच जळतो. मग माल उतरवा, नाहीतर प्रवासी कमी घ्या, नाहीतर वाटेत थांबा.

जड विमान सुरुवातीला उंचही जाऊ शकत नाही. निघताना २९,००० किंवा ३१,००० फूट, इंधन जळत जाईल तसं पायरी-पायरीने ३७,००० ते ३९,०००. पूर्वेला जाणाऱ्यांना विषम हजार, पश्चिमेला जाणाऱ्यांना सम. चीनच्या हद्दीत उंची मीटरमध्ये सांगतात. तिथे १०,१०० मीटर म्हणजे ३३,१०० फूट. समोरच्या पडद्यावर मधूनच शंभर फूट वाढलेले दिसले तर गडबडू नका.

खिडकीची_सीट

अवांतर: हेच ७७७-२०० एलआर नोव्हेंबर २००५ मध्ये हाँगकाँगहून लंडनला *पूर्वेकडून*, म्हणजे प्रशांत, अमेरिका, अटलांटिक असं उलट्या दिशेने नेलं होतं. २१,६०२ किमी, २२ तास ४२ मिनिटं. अर्थात मोजके लोक घेऊन.

सुमडीत

बोरिवलीहून अंधेरीला व्हाया कल्याण.

नकाशेवाला

अवांतर चाललंच आहे तर आजच्या घडीचं. नियमित सेवेत सगळ्यात लांब सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३४९ किमी, ए३५०-९०० यूएलआर. वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर. त्यात १६१ च जागा, ६७ बिझनेस आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच. वाराबघ्यांचं वजनाचं गणित तिथे खुर्च्यांवर लिहिलेलं दिसतं. आणि बंगळूरहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १४,००० किमी. जानेवारी २०२१ मध्ये तिथली पहिली फेरी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून आली. कॅप्टन झोया अग्रवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला.

फ्रीमॉन्टची_मावशी

माहिती छान, पण तिकीटघर यांना घड्याळाचं कोणीच सांगितलं नाही. खरी फजिती तिथेच होते.

कॅलिफोर्निया भारताच्या मागे. हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. आपली हलत नाहीत.

जाताना: मुंबईहून दुपारी ४ ला निघालं, १५ तास ४५ मिनिटं. भारतीय घड्याळात दुसऱ्या दिवशी सकाळचे ७:४५. त्यातून साडेबारा तास वजा करा. त्याच तारखेची संध्याकाळ, ७:१५. हिवाळा असेल तर ६:१५.

येताना: शुक्रवारी रात्री ९ ला निघालं, १७ तास. कॅलिफोर्नियाच्या घड्याळात शनिवार दुपारचे २. अधिक साडेबारा. रविवारी पहाटे २:३०. शनिवार बहुतेक सगळा आकाशातच.

आणि तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या त्या गावाच्या. दोन वेळांची सरळ वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढू नका.

सुमडीत

म्हणजे मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सव्वातीन तास. पुणेरी_पाटी यांच्या चार तासांपेक्षा कमी.

पुणेरी_पाटी

आमच्याकडे निदान तारीख बदलत नाही.

तिकीटघर

मावशी, फार आभार. मी सरळ वजाबाकीच करत होतो. वाराबघ्या, आता वाटतंय येताना जास्त वेळ का ते कळलं: तोच वारा तोंडावर. पण मग येताना प्रशांतवरूनच का यायचं?

वाराबघ्या

येत नाहीच. जपानवरचा तो पट्टा तोंडावर घ्यायचा नसतो, म्हणून येताना वाट उत्तरेला सरकते, अलास्का किंवा त्याच्याही वर, जिथे वारा मंद असतो. अंतर कमी, पण पाठीवर काही नाही. समजा १४,००० किमी आणि सरासरी ४५ किमीचा वारा तोंडावर: १४,००० भागिले ८५५, म्हणजे १६ तास २० मिनिटं हवेत. तुमचे १७ तास जुळले.

आता म्हणाल उरलेली ४० मिनिटं कुठली. वेळापत्रकातला वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगत जायला २० ते ३० मिनिटं सहज जातात. समुद्राच्या बाजूने, २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उड्डाण असेल तर पूर्वेला जाणारं विमान आधी पश्चिमेला जुहूवरून समुद्रात जातं आणि मग वळतं. शिवाय कंपन्या थोडी फट ठेवतातच. ठरल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते "वेळेवर" मोजतात.

ही वाट रोज नवी आखतात. वाऱ्याचा अंदाज येतो, संगणक पाच-सहा वाटा काढतो, त्यातली सगळ्यात कमी *इंधनाची* निवडतात. सगळ्यात कमी किलोमीटरची निवडत नाहीत. त्यामुळे एका दिवसाच्या अ‍ॅपवरचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. जानेवारीत आणि जुलैत एकाच फेरीत तासभराचा फरक पडू शकतो.

गोलाकार

वाराबघ्यांशी एका ठिकाणी असहमत. "येताना नेहमी उत्तरेकडूनच" असं वाचकाला वाटेल. उन्हाळ्यात जेट स्ट्रीम मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, तेव्हा येताना दक्षिणेकडची वाटही परवडते.

वाराबघ्या

मान्य. "बहुतेक वेळा" असं वाचावं.

खिडकीची_सीट

मग आता तिसरा प्रश्न, थांबून जावं का?

नकाशेवाला

एका थांब्याच्या वाटांची महावर्तुळाची बेरीज काढली (किमी, गोल आकडे):

दिल्लीमार्गे १३,५०० (१,१४० + १२,३७०)
दुबईमार्गे १४,९५०
हाँगकाँगमार्गे १५,४००
फ्रँकफर्टमार्गे १५,७००
लंडनमार्गे १५,८००
नेवार्कमार्गे १६,७००
सिंगापूरमार्गे १७,५००

दिल्ली बघा. मुंबईहून सरळ जा किंवा दिल्लीला टेकून जा, फरक जेमतेम दहा किमीचा, कारण दिल्ली त्या ताणलेल्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच आहे. आणि दुबई ते सॅन फ्रान्सिस्को तर उत्तर ध्रुवाला चाटून जातं, ८८ अंश उत्तर. दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत.

फ्रीमॉन्टची_मावशी

दहा किमी वाढतात, पण चार तास वाढतात ना! देशांतर्गत विमान, उतरणं, आंतरराष्ट्रीय भागात जाणं, इमिग्रेशन, पुन्हा सुरक्षा तपासणी. दिल्लीला तीन तासांपेक्षा कमी फट घेऊ नका. दुबईमार्गे विमानात सव्वातीन आणि सोळा, मध्ये तीन धरले तरी एकूण बावीस-तेवीस. फ्रँकफर्टमार्गे नऊ आणि साडेअकरा, एकूण तेवीस-चोवीस. तिथे दोन टप्पे जरा समसमान पडतात. गुडघे दुखणाऱ्याला सोळा तासांच्या एका बैठकीपेक्षा ते बरं वाटू शकतं.

नेवार्कमार्गे ज्येष्ठांना शक्यतो पाठवू नका. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, सामान तिथे उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा पट्ट्यावर टाकायचं. बॅगेवर सॅन फ्रान्सिस्कोची चिठ्ठी असली तरी. दोन मोठ्या बॅगा, व्हीलचेअर आणि अडीच तास, जमत नाही.

आणखी तीन गोष्टी. दोन्ही टप्पे *एकाच* तिकिटावर हवेत. वेगळी तिकिटं काढून पाच हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं गेलं, पैसेही गेले. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, आणि दोघांना हवी असेल तर दोघांच्या नावावर. "एकालाच हवी, दुसरा बरोबर चालेल" म्हटलं की इमिग्रेशनच्या रांगेत ताटातूट होते. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी प्रवासात किती तासांनी घ्यायची हे डॉक्टरांना *तासांत* विचारा. "सकाळी एक" याला विमानात अर्थ नाही. एक हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्या.

नकाशेवाला

आखातामार्गे स्वस्त पडतं हे खरं, पण त्या आकाशाचंही बघा. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात तिथली आकाशं बंद झाली, २३ जूनला कतारचंही काही तास बंद होतं. त्या भागातून तिकीट काढलं तर मधली फट जरा सढळ ठेवा.

अडाणी_प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना धुकं असतं म्हणतात. त्याने वेळ जातो?

वाराबघ्या

प्रश्न चांगला. तिथल्या २८ डावी आणि २८ उजवी या समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर फक्त ७५० फूट. हवा स्वच्छ असली की दोन विमानं शेजारी-शेजारी उतरतात. उन्हाळ्यात समुद्रावरून खालचे ढग आले की वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसत नाहीत, मग दोन रांगांची एक रांग होते. हे बहुधा सकाळी, आणि दुपारपर्यंत निवळतं. उतरण्याची क्षमता घटली की पहिला फटका जवळून येणाऱ्या विमानांना. त्यांना निघण्याआधीच जमिनीवर थांबवून ठेवतात. तुमचं पंधरा तास उडून आलेलं विमान आधीच हवेत असतं, त्याला थांबवता येत नाही. पण फ्रँकफर्ट किंवा दुबईहून आलेल्यांचं तिथून पुढे लॉस एंजलिसचं जोडविमान असेल तर तेच लटकतं. संध्याकाळी उतरणारं विमान या भानगडीतून सहसा सुटतं.

तिकीटघर

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणेत साठवला. माझं ठरतंय ते असं: त्या हंगामात थेट विमान असेल आणि थांबे शून्य असतील तर थेट. नसेल तर फ्रँकफर्ट, एकाच तिकिटावर, साडेतीन तासांची फट, दोन व्हीलचेअर. परतीला सॅन फ्रान्सिस्को शुक्रवार रात्री ९, मुंबई पहाटे २:३०. गाडीवाल्याला शनिवारी पहाटे दोनला विमानतळावर यायला सांगतो.

फ्रीमॉन्टची_मावशी

अरे बाबा, *रविवारी* पहाटे!

तिकीटघर

बरोबर, रविवारी. शनिवार आकाशात गेला.

पुणेरी_पाटी

गाडीवाल्याला "शनिवारी रात्री जेवून निघ" असं सांगा. रविवार पहाटे म्हटलं तर तो रविवारी रात्री येतो.